ध्रुवीय समुद्रतळाचा गाळ: कार्बन आहे किती, आणि टिकणार किती?

प्रश्न असा आला आहे: ‘मी महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवतो. ध्रुवीय समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या सूक्ष्मजीवांवरून तिथल्या गाळात कार्बन किती साठला आहे ते ओळखता येतं, असं वाचलं. हे प्रत्यक्षात कसं करतात? नेमके कोणते जीव बघायचे? आणि बर्फ वितळला की हे समुद्र जास्त कार्बन गाडून ठेवतील, ही आशा कितपत खरी?’

सर, आधी तुमच्या प्रश्नातला ‘किती’ हा शब्द बाजूला ठेवू. गाळात सेंद्रिय कार्बन किती आहे हे कळायला सूक्ष्मजीव लागत नाहीत. गाळ वाळवायचा, खलात कुटायचा, आम्ल घालून त्यातला चुना घालवायचा, उरलेला चिमूटभर नमुना धातूच्या इवल्या पुडीत बांधून यंत्रात जाळायचा, की टक्केवारी हातात येते. ती टक्केवारी मिळाली की पुष्कळ लोक थांबतात, आणि माझ्या मते खरं काम तिथूनच सुरू होतं. कणगीत भात किती आहे हे मापाने कळतं. दाणा भरलेला आहे की पोचट, यंदाचा आहे की दहा वर्षांपूर्वीचा, त्याला कीड लागली आहे का, हे कळायला कणगीत हात घालावा लागतो. सूक्ष्मजीव म्हणजे तो आत घातलेला हात. हा कार्बन आला कुठून, ताजा आहे की शिळा, आणि खाली राहणार की उद्या परत पाण्यात आणि हवेत जाणार, हे ते सांगतात.

आकड्यांचा अंदाज असावा म्हणून सांगते. जगभरच्या समुद्रतळाच्या फक्त वरच्या एक मीटर गाळात सुमारे २,३०० अब्ज टन कार्बन आहे. आजच्या वातावरणात आहे त्याच्या दुपटीहून जास्त. पण दरवर्षी त्यात नव्याने पडणारी भर फार थोडी, साधारण १६ कोटी टन. समुद्रातल्या एकपेशीय वनस्पती वर्षाला ५० अब्ज टनांच्या आसपास कार्बन बांधतात, म्हणजे हजारात तीनच भाग शेवटी गाडले जातात. बाकीचं सगळं खाल्लं जातं. बहुतेक वरच्या पाण्यातच किंवा खाली येताना, आणि तळाला पोचलेल्यातलं बरंचसं तळावरच्या आणि गाळातल्या जिवाणूंकडून. म्हणून तळाचे सूक्ष्मजीव साठ्याचे नुसते साक्षीदार नाहीत, साठ्यावर जगणारेही तेच आहेत. त्यांच्याकडून माहिती घेताना हे दुहेरी नातं विसरून चालत नाही.

उदाहरण एकच घेते आणि त्यातच फिरते, कारण सगळ्या ध्रुवीय समुद्रांबद्दल एकदम बोललं की काहीच धड सांगितलं जात नाही. उत्तर ध्रुवाजवळ, ७९ अंश अक्षांशावर, नॉर्वेच्या ताब्यातल्या स्वालबार्ड बेटांवर कोंग्सफ्योर्डन नावाची वीसेक किलोमीटर लांबीची खाडी आहे. तिच्या काठावर न्यी-ऑलेसुंड नावाचं छोटं संशोधनगाव आहे आणि त्या गावात भारताचं ‘हिमाद्री’ हे केंद्र २००८ पासून आहे. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने २०१४ साली या खाडीत ‘इंडआर्क’ ही उपकरणांची माळ १९२ मीटर खोल पाण्यात सोडली. त्यामुळे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना ध्रुवीय गाळ हाताळायची संधी मिळाली, तर ती बहुधा या खाडीच्या गाळातून मिळते.

अशा खाड्यांना फ्योर्ड म्हणतात. हिमनद्यांनी कोरलेल्या या खोल, अरुंद दऱ्या आता समुद्राने भरल्या आहेत. जगाच्या समुद्राच्या क्षेत्रफळात त्यांचा वाटा जेमतेम हजारात एक. पण २०१५ साली जगभरच्या फ्योर्डांचे आकडे एकत्र केले तेव्हा समुद्रात दरवर्षी गाडल्या जाणाऱ्या सेंद्रिय कार्बनपैकी ११ टक्के, म्हणजे सुमारे १.८ कोटी टन, याच खाड्यांत गाडला जातो असं दिसलं. तेव्हापासून सगळ्यांच्या नजरा या चिंचोळ्या खाड्यांकडे वळल्या. आणि तेव्हापासूनच, ‘टक्केवारी जास्त म्हणजे साठा चांगला’ असं घाईघाईने म्हणण्याची सवयही वाढली, असं मला वाटतं.

आता खाडीच्या वरच्या टोकाला, क्रोनेब्रीन हिमनदीच्या तोंडाशी चला. उन्हाळ्यात हिमनदीच्या पोटातून निघणारं पाणी समुद्रात उसळतं ते लाल-तपकिरी रंगाचं. वरच्या डोंगरात लाल वालुकाश्म आहे, त्याचा भुगा ते घेऊन येतं. पावसाळ्यात गोव्याच्या मांडवी नदीचं पाणी बघितलेल्या माणसाला ते दृश्य अनोळखी वाटत नाही. दोन्हीकडे रंग लोखंडाच्या गंजाचाच. इथे गाळ इतक्या वेगाने साचतो की तोंडाशी वर्षाला कित्येक सेंटिमीटरचा थर बसतो. खाडीच्या बाहेरच्या टोकाला मात्र वर्षाला काही मिलिमीटरच.

गढूळ पाण्यात उजेड शिरत नाही, म्हणून शैवाल कमी, म्हणून तळाला ताजं अन्न कमी. वर सतत नवा गाळ येऊन पडतो, त्याखाली गाडले जाण्याची टांगती तलवार असतेच. अशा जागी टिकणारे फोरॅमिनिफेरा फार थोडे. फोरॅमिनिफेरा म्हणजे एकपेशीय जीव, बहुतेक चुन्याचं कवच बांधणारे, मोहरीच्या दाण्याहूनही लहान. कामाच्या बोलण्यात आम्ही त्यांना नुसतं ‘फोरॅम’ म्हणतो. हिमनदीजवळच्या गाळात दोन जाती पुन्हापुन्हा भेटतात: एल्फिडियम क्लॅव्हॅटम आणि कॅसिड्युलिना रेनिफॉर्मे. दोघीही काटक. जिथे दुसरं कोणी फारसं नाही आणि याच दोघी भरपूर आहेत, तिथे ताजा माल कमी येतोय असं समजावं.

याच गाळातले जिवाणू काय करतात? इथे थोडं थांबते, कारण तुमच्या प्रश्नाचं मर्म इथे आहे.

गाळात जिवाणूंच्या पंगती बसतात. सेंद्रिय पदार्थ जाळायला ऑक्सिजन लागतो, पण तो गाळात वरच्या काही मिलिमीटरांत, फार तर काही सेंटिमीटरांत संपतो. पहिली पंगत त्या ऑक्सिजनवाल्यांची. ती उठली की नायट्रेटवर श्वास घेणारे बसतात, मग मँगनीजवाले, मग लोखंडाच्या गंजावर श्वास घेणारे, मग समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे, आणि सगळ्यांत शेवटी, खाली, मिथेन वायू बनवणारे. ज्याला एका घासातून जास्त ऊर्जा मिळते तो आधी बसतो. आता विचार करा: वरून ताजं अन्न थोडंच आलं, तर पहिल्या दोन-तीन पंगतीच ते संपवतात आणि मागचे उपाशी राहतात. अन्न भरपूर आलं, तर वरचा ऑक्सिजन चटकन संपतो आणि सल्फेटवाल्यांची पंगत पृष्ठभागाच्या अगदी जवळ बसते. म्हणजे कोणती पंगत किती खोलीवर बसली आहे आणि किती जोरात जेवते आहे, हे बघितलं की वरून पडणाऱ्या ताज्या कार्बनचा अंदाज येतो. तोही नमुना जाळून मिळणाऱ्या टक्केवारीपेक्षा खूप प्रामाणिक.

हिमनदीजवळ काय दिसतं? लोखंड मुबलक, ताजं अन्न कमी. त्यामुळे लोखंडवाल्यांचं राज्य आणि सल्फेटवाले मंद. इथल्या लोखंडवाल्यांपैकी एक मोठा गट अजून पाळीव झालेला नाही, म्हणजे तो प्रयोगशाळेत वाढवता येत नाही. त्याची ओळख फक्त त्याच्या जनुकांवरून. त्याचं नाव एसव्हीए १०३३. त्यातला ‘एसव्हीए’ म्हणजे स्वालबार्डच, पहिल्यांदा तो तिथल्या गाळात सापडला म्हणून. पुढे हाच गट थेट दुसऱ्या ध्रुवाकडे, अंटार्क्टिकाच्या किंग जॉर्ज बेटाजवळच्या गाळातही लोखंडावर श्वास घेताना सापडला. तिथल्या पॉटर कोव्ह या छोट्या उपसागरातही मागे सरकणाऱ्या हिमनदीजवळ लोखंडाचं राज्य आहे. पृथ्वीच्या दोन टोकांना, सारख्याच परिस्थितीत, एकच मंडळी. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण निर्देशक म्हणून एखादा जीव विश्वासाचा ठरतो तो असा: जागा बदलली तरी तो तेच सांगतो.

आता टक्केवारी कशी फसवते ते सांगते. न्यी-ऑलेसुंड हे मुळात कोळशाच्या खाणींचं गाव. ५ नोव्हेंबर १९६२ ला खाणीत स्फोट होऊन २१ कामगार गेले, आणि त्यानंतर खाणकाम कायमचं थांबलं. पण कोळशाचे थर डोंगरात आहेतच, हिमनद्या आणि ओढे त्यांचे कण आजही खाडीत आणून टाकतात. हे कण यंत्रात जळतात आणि ‘सेंद्रिय कार्बन’ म्हणूनच मोजले जातात. मी सुरुवातीच्या काळात अशाच एका गाभ्याची, म्हणजे नळी खुपसून उभ्या काढलेल्या गाळाच्या नमुन्याची, टक्केवारी बघून खूश झाले होते. आकडा चांगला होता. पण चाळणीतून धुतलेला गाळ मायक्रोस्कोपखाली ठेवला तर काळे चकचकीत, कोनेदार कण, आणि जिवंत फोरॅम जवळजवळ नाहीतच. कार्बन आणि नायट्रोजनचं गुणोत्तर काढलं तर तेही खूप वर. समुद्री शैवालात सहा-सात अणू कार्बनमागे एक अणू नायट्रोजन असतो. जमिनीवरच्या जुन्या पदार्थात नायट्रोजन त्याहून कितीतरी कमी. म्हणजे तो ‘साठा’ कोट्यवधी वर्षांपूर्वीच हवेतून काढून डोंगरात ठेवलेला होता. हिमनदीने तो डोंगरातून उचलून खाडीत ठेवला, इतकंच. हवेतला एक कणही त्यामुळे कमी झालेला नाही.

उलट काळजीची गोष्ट वेगळीच आहे. गाळातले जिवाणू अशा प्राचीन कार्बनचा काही भाग खातात, असे पुरावे स्वालबार्डच्या फ्योर्डांतून मिळाले आहेत. जिवाणूंच्या पेशींच्या आवरणातल्या चरबीत किरणोत्सारी कार्बन मोजला तर ती चरबी कार्बनच्या वयाने ‘म्हातारी’ निघते, म्हणजे त्यांनी म्हातारं अन्न खाल्लं. त्यामुळे फ्योर्ड हा कधी कोठार असतो, तर कधी जुन्या कोळशाचा मंद चुलाही असू शकतो. टक्केवारी या दोन्ही गोष्टींना एकच आकडा देते.

आता खाडीच्या बाहेरच्या टोकाला या. इथलं पाणी नितळ, अटलांटिक महासागरातून येणारं थोडं उबदार पाणी आत शिरतं, वसंतात शैवालाचा बहर येतो आणि तो संपला की हिरवट लोकरीसारखा थर तळावर बसतो. काचेच्या नळीत गाभा वर आला की तो हिरवट थर वरच्या पाण्यात हलका हलताना दिसतो, आणि बोट जरा हेलकावली तरी विरघळून जाईल इतका नाजूक असतो. सगळी माहिती याच अर्ध्या सेंटिमीटरात, म्हणून नळी उचलणाऱ्याचा हात स्थिर हवा.

इथे जी जात भेटते ती माझी आवडती: नोनिओनेलिना लॅब्राडोरिका. एका बाजूला फुगत गेलेला पिळा, शेवटचा कप्पा ऐटीत मोठा, कवच इतकं पातळ आणि नितळ की आतला जीवद्रव्याचा रंग दिसतो. जिवंतपणी तो हिरवट असतो, कारण हा जीव डायटम नावाच्या शैवालांतली हरितद्रव्याची पुटिका चोरून आपल्या पेशीत साठवतो. उजेड पोचत नाही अशा खोलीवर तो ती कशाला जपतो हे कोडं अजून सुटलेलं नाही. पण आपल्या कामासाठी एवढं पुरे: ताज्या शैवालावर जगणारा हा जीव जिथे भरपूर, तिथे वरून ताजा, या वर्षीचा कार्बन पडतो आहे. तिन्ही जातींचं प्रमाण हिमनदीच्या तोंडापासून खाडीच्या बाहेरच्या टोकापर्यंत मांडलं, की जुन्या आणि ताज्या कार्बनची सीमा कुठे बदलते ते नकाशावर काढता येतं.

त्याच गाभ्याचे खालचे तुकडे कापताना कुजक्या अंड्याचा वास आला, की ती सल्फेटवाल्यांची पंगत आहे. समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजनपेक्षा सल्फेट जवळजवळ शंभरपट असतं. त्यामुळे किनाऱ्याजवळच्या गाळात सेंद्रिय कार्बनचं जवळपास निम्मं विघटन एकटे सल्फेटवालेच करतात, हे बो बार्कर योर्गेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९८२ मध्येच दाखवलं होतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो पाठ्यपुस्तकांतही डोकावतो: ‘ध्रुवावर थंडी, म्हणून जिवाणू गारठलेले, म्हणून कार्बन टिकतो.’ तसं नाही. आपल्या फ्रिजमधली भाकरी उशिरा बुरसते, कारण ती बुरशी आपल्या स्वयंपाकघरातली, उबेला सरावलेली. स्वालबार्डच्या गाळातले जिवाणू फ्रिजमध्येच जन्मले आहेत. तिथून वेगळा केलेला डेसल्फोटॅलिया सायक्रोफिला हा सल्फेटवाला शून्याखालीही वाढतो. तिथल्या गाळात सल्फेटचा श्वास किती वेगाने चालतो हे मोजलं, तेव्हा तो समशीतोष्ण किनाऱ्यांच्या तोडीचा निघाला. थंडीने त्यांना रोखलेलं नाही. त्यांना रोखतो तो अन्नाचा दर्जा. ताजं अन्न आलं की ते शून्य अंशातही जेवून मोकळे होतात.

मग ध्रुवीय गाळात कार्बन टिकतो कशामुळे? मुख्यतः दोन गोष्टींमुळे. पहिली, गाळ वेगाने साचणं: खाणाऱ्यांना वेळच मिळत नाही, घास ऑक्सिजनच्या थरातून खाली निघून जातो. दुसरी, लोखंड. लोखंडाचा गंज सेंद्रिय रेणूंना असा घट्ट चिकटतो की जिवाणूंना ते सोडवता येत नाहीत. स्वालबार्डजवळच्या बॅरेंट्स समुद्राच्या गाळात सेंद्रिय कार्बनचा १० ते २० टक्के भाग असा लोखंडाला बांधलेला आणि हजारो वर्षं टिकलेला सापडला आहे. आपल्या अरबी समुद्रात, मधल्या खोलीवर, कार्बन टिकतो तो मुख्यतः ऑक्सिजन नसल्यामुळे. तिथे शिकलेला नियम उचलून ध्रुवावर लावला तर उत्तर चुकतं. आणि गंमत बघा, लोखंडवाले जिवाणू नेमका तोच गंज खातात, म्हणजे कार्बनचं कुलूपच उघडतात. म्हणून एखाद्या जागी लोखंडवाले किती जोरात काम करताहेत हे कळलं, की तिथलं कुलूप किती भक्कम आहे तेही कळतं. सूक्ष्मजीवांकडून मिळणारी माझ्या मते सर्वांत उपयोगी खबर हीच आहे.

हे सगळं एका आकड्यात बसवायचं असेल तर आम्ही ‘गाडण्याची कार्यक्षमता’ काढतो. खाली कायमचा गाडला जाणारा कार्बन, भागिले तळावर पोचलेला एकूण कार्बन. अंश काढायला गाळ साचण्याचा वेग लागतो. तो शिसे-२१० या समस्थानिकावरून मिळतो, त्याचं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं, त्यामुळे गेल्या शतकाचा हिशेब नीट लागतो. छेद काढायला जिवाणूंनी किती जाळला ते मोजावं लागतं: न हललेला गाभा पाण्यासकट, तळाच्या तापमानाला ठेवून, त्यातला ऑक्सिजन किती कमी होतो ते बघायचं, आणि सल्फेटच्या पंगतीसाठी किरणोत्सारी गंधकाचा माग काढायचा. हे काम वेळखाऊ आहे आणि बोटीवरच्या अरुंद शीतखोलीत करताना बोटं बधिर होतात. पण याला पर्याय नाही. नुसती जीवांची यादी करून साठा सांगणारा अहवाल दिसला, तर त्यात हे मोजमाप आहे का ते आधी बघा.

पद्धतीबद्दल थोडं, कारण तुम्ही ‘प्रत्यक्षात कसं’ असं विचारलं आहे. फोरॅमसाठी २०१२ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने ठरवलेली सर्वमान्य रीत आहे. गाळाचा वरचा एक सेंटिमीटर घ्यायचा, एका ठिकाणाहून तीन वेगवेगळे नमुने घ्यायचे, इथेनॉलमध्ये लिटरला दोन ग्रॅम रोझ बेंगाल हा रंग घालून त्यात नमुना किमान १४ दिवस ठेवायचा, मग १२५ मायक्रॉनच्या चाळणीवर धुऊन गुलाबी झालेले जीव मोजायचे. रंग जीवद्रव्याला चढतो, म्हणून गुलाबी म्हणजे जिवंत किंवा नुकताच मेलेला. शून्याखालच्या पाण्यात मेलेल्याचं जीवद्रव्य लवकर कुजत नाही आणि तेही गुलाबी होतं, ही ध्रुवावरची खास अडचण. माझी जुनी मोजणी या एका कारणाने फुगलेली निघाली होती. फिकट गुलाबी ठिपके मी जिवंतांत धरत होते. आता नियम केला आहे: शेवटचे एक-दोन कप्पे सोडून बाकी सगळे कप्पे सलग, गडद गुलाबी असतील तरच जिवंत. ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक दाणा उचलून स्लाइडच्या चौकोनात ठेवायचा, तीनशे होईपर्यंत. शंका आली की तो दाणा वेगळ्या रांगेत.

जनुकांवरून मोजणी करायची असेल तर वेगळा धोका असतो. गाळात मेलेल्या जिवाणूंचा डीएनए थंडीत दीर्घकाळ शाबूत राहतो, त्यामुळे यादी लांबलचक येते, पण जेवणारे कोण आणि नुसत्या पाट्या लागलेल्या कोणाच्या, हे कळत नाही. आरएनए किंवा जिवंत पेशींतच टिकणारी चरबी मोजली तर चित्र बरंच खरं येतं. त्यासाठी नमुना उणे ८० अंशात गोठवून आणावा लागतो. एकदा वाटेत माल नेणाऱ्या कंपनीने दिरंगाई केली, कोरडा बर्फ संपला आणि एका अख्ख्या मोसमाचे नमुने हातचे गेले. तेव्हापासून प्रत्येक नमुन्याची एक जोडी मी रसायनात जतन करून वेगळ्या पेटीत ठेवते.

जुन्या काळाचा हिशेब, म्हणजे गाभ्यात खाली जाऊन गेल्या हजार-दहा हजार वर्षांत साठा कसा बदलला ते बघणं, याबद्दल मी जपून बोलते. समुद्रविज्ञानात एक जुना ठोकताळा आहे: तळावर पोचलेल्या दर एक मिलिग्रॅम सेंद्रिय कार्बनमागे १५० मायक्रॉनहून मोठं फोरॅमचं एक कवच गाळात पडतं. उष्ण कटिबंधातल्या खोल समुद्रात तो कामाला येतो. फ्योर्डांत मात्र सेंद्रिय पदार्थ कुजताना पाणी आम्लधर्मी होतं आणि चुन्याची कवचं विरघळतात. म्हणजे जितकं अन्न जास्त, तितकी कवचं कमी उरतात, नेमकं उलटं. वाळूचे कण चिकटवून घर बांधणाऱ्या जाती आहेत, पण त्यांचा सेंद्रिय डिंक सुटला की त्याही विखुरतात. तेव्हा खालच्या थरात कवचं नाहीत म्हणजे अन्न नव्हतं, असा अर्थ काढू नका.

तिथे डायटम मदतीला येतात, त्यांचं कवच सिलिकाचं. अंटार्क्टिकाकडे, आपल्या ‘भारती’ केंद्रासमोरच्या प्रिड्झ उपसागरात, गाळ डायटमांनीच भरलेला आहे. त्यात कीटोसेरॉसच्या विश्रामपेशी शोधा. बहर संपून पोषणद्रव्यं आटली की हा डायटम जाड कवचाची, जड पेशी बनवतो आणि ती दगडासारखी तळाला जाते. दक्षिण हिंदी महासागरातल्या केर्गेलेन बेटांजवळ, वरून पडणारा माल गोळा करायला पाण्यात टांगलेल्या सापळ्यांत, वर्षभरात खाली आलेल्या कार्बनपैकी ६० टक्क्यांहून जास्त अशा विश्रामपेशींनी आणला होता. उत्तरेकडे समुद्रबर्फाखाली वाढणारे डायटम आयपी-२५ नावाची एक खास चरबी सोडतात. २००७ पासून तिचा वापर जुन्या बर्फाचा माग काढायला होतो. कवच विरघळलं तरी ती राहते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आशेचा. अंटार्क्टिकाच्या उथळ पट्ट्यांवर बर्फ हटला की उजेड शिरतो, शैवाल वाढतं आणि तळाच्या जीवांत कार्बनची भर पडते, हे मोजलेलं आहे. ते चांगलंच आहे. पण फ्योर्डांत गोष्ट वेगळी वळते. हिमनदीचं तोंड समुद्रात असतं तोवर तिच्या पोटातलं गोडं पाणी खोलातून वर येताना समुद्रातली खोल पोषणद्रव्यं बरोबर ओढून आणतं आणि उन्हाळाभर शैवालाला खाऊ मिळतो. हिमनदी मागे सरकून जमिनीवर गेली की हा पंप बंद पडतो. मग फक्त वरून वाहणारं गढूळ पाणी उरतं. ग्रीनलंडच्या फ्योर्डांत दोन्ही प्रकारच्या हिमनद्यांची तुलना झाली आहे आणि ज्यांच्या हिमनद्यांचं तोंड समुद्रात आहे अशा फ्योर्डांत शैवालाचं उत्पादन स्पष्ट जास्त आहे. म्हणजे हिमनदी मागे हटताना सुरुवातीला साठा वाढेल, आणि ती जमिनीवर गेली की घटेल, अशी शक्यता मला जास्त वाटते. शिवाय उबदार अटलांटिक पाणी आत येत राहिलं तर त्या काटक दोघी मागे सरतील आणि लॅब्राडोरिका हिमनदीच्या तोंडाकडे सरकेल. ती सरकते आहे का, हे दरवर्षी त्याच जागांवरून त्याच रीतीने मोजत राहिलं तर आपल्याला टक्केवारी बदलण्याआधीच कळेल. निर्देशकाचा खरा उपयोग हाच.

तुमच्या विद्यार्थ्यांना हे शिकवायचं असेल तर ध्रुवापर्यंत जायची वाट बघू नका. मांडवीच्या मुखाजवळचा ओहोटीतला गाळ घ्या, त्यात अमोनिया वंशाचे फोरॅम सहज भेटतात. रोझ बेंगालचे १४ दिवस, १२५ मायक्रॉनची चाळण आणि साधा द्विनेत्री मायक्रोस्कोप एवढ्यावर काम भागतं. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, एकाच जागेवरून तीन-तीन नमुने घ्या. लाल पाणी येऊन गेल्यावर कोण उरतं आणि कोण नाहीसं होतं ते मुलांनी स्वतः मोजलं, की क्रोनेब्रीनच्या तोंडाशी काय चाललं असेल ते त्यांना न सांगता कळेल. वरच्या सेंटिमीटरचा गाळ मात्र काठावरच, नळी बाहेर काढल्याबरोबर कापून बाटलीत घाला आणि रंग लगेच ओता. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत थांबलात, तर वाटेतल्या हादऱ्यांनी वरचा थर खालच्यात मिसळलेला असेल.